गुरुवारची ऑर्डर

३ फेब्रुवारी

मामा,

वाकून नमस्कार. दीड महिना पत्र नाही म्हणून आधी मीच माझे कान धरते, तुम्हाला तेवढे कष्ट नकोत. तुमचे कान तर प्रेसशॉपमधल्या पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांनीच खाल्ले. नाहीतर एका फोनवर भागलं असतं आणि मला एवढं लिहीत बसावं लागलं नसतं.

बातमी अशी की तुमचा फळा गेला. तीस वर्षं ज्या फळ्यावर तुम्ही एकेका यंत्राच्या खिळ्याला ऑर्डरींची कार्डं अडकवलीत, तो नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी उतरवला. आता सगळं संगणकावर. कोणती ऑर्डर, कोणतं यंत्र, किती तास, माल गोदामात आहे की नाही, एवढं भरलं की सॉफ्टवेअर स्वतःच आठवड्याचं वेळापत्रक मांडतं. शिकवायला एक टाय लावणारे गृहस्थ आले होते. आम्ही त्यांना टायवालेच म्हणतो. सॉफ्टवेअर मोठं हट्टी आहे. एखाद्या ऑर्डरीवर तातडीचा शिक्का मारला, की तिचा माल येईपर्यंत त्या यंत्रावर दुसरं काही चढवूच देत नाही. यावरून साहेबांची आणि टायवाल्यांची चांगलीच जुंपली.

तुमची चारशे बारा कार्डं मी एकटीने भरली. आणि मामा, त्यात एक भूत निघालं. तुम्ही जाताना बजावलं होतं ना, की गुरुवारचं हिरवं कार्ड हलवू नकोस? 'टोपण, दोनशे नग, चार नंबर प्रेस, सकाळची पाळी.' दोन वर्षं मी ते मुकाट्याने अडकवत आले. आता भरायला घेतलं तर त्याला ना गिऱ्हाईक, ना नगाचा नकाशा, ना पत्रा. दर महिनाअखेरीला रद्द आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा हजर. टायवाले पोट धरून हसले. मी त्या भुताला मुक्ती देऊन टाकली. चार नंबरची आठवड्याची एक अख्खी सकाळ मोकळी झाली आणि साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली.

तुमचा दोस्त फिटर डिसेंबरात निवृत्त होऊन मुलीकडे गेला. आता कंत्राटी फिटर येतो. तक्रार नोंदवली तरच यंत्राला हात लावतो, पण माणूस बरा आहे.

आणि दादाला पॅकिंगमधून काढून प्रेसवर घेतलंय. चार नंबरवरच. तो खूश आहे. बाबा मात्र ऐकल्यापासून गप्प आहेत. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी टेबलावर वाजवत बसतात. मी म्हटलं, बावीस वर्षांपूर्वी तुमचं लक्ष नव्हतं म्हणून बोटं गेली, दादा तसा वेंधळा नाही.

गुडघे कसे आहेत? आई गेली तेव्हा आलात ते शेवटचे. आता या की.

तुमची लगबग


९ फेब्रुवारी

चि. लगबगेस आशीर्वाद.

पत्र मिळालं. फळा काढला ते ठीक. जुनं झालं की काढायचंच असतं, मलाही काढलंच की.

एक काम कर. गुरुवारचं हिरवं कार्ड पहिल्यासारखं लाव. संगणकात लावता येत असेल तर संगणकात, नाहीतर साहेबांना सांगून भिंतीवर लाव. का, ते विचारू नकोस. तीस वर्षं मी उगाच खिळे मोजत बसलो नव्हतो, एवढं मनात ठेव.

दादाला प्रेसवर घ्यायला कोणी सांगितलं? त्याला परत पॅकिंगमध्ये जायला सांग. पाठ दुखते म्हणावं, काहीही सांगावं. नवीन फिटर चार नंबर उघडून बघतो का? शेवटचा कधी उघडला होता, ते नक्की विचारून कळव.

गुडघे आहेत तसेच आहेत. प्रवास झेपत नाही. भाऊजींना नमस्कार सांग.

मामा


१६ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र वाचून मला रडू आलं, खरंच सांगते. महिनाभर डोळे फोडून एवढं काम केलं, त्यावर तुमचा एक चांगला शब्द नाही. उलट कार्ड लाव, दादाला काढ, फिटरला विचार. टायवाल्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की जुन्या माणसांना हे सॉफ्टवेअर बोचेल. मी तेव्हा म्हटलं होतं, माझे मामा तसे नाहीत.

आणि लावायचं म्हटलं तरी लागत नाही. गिऱ्हाईक नाही, माल नाही, तर ऑर्डर बनतच नाही. कारण विचारू नकोस असं तुम्ही मला सांगू शकता, सॉफ्टवेअरला नाही.

तुमच्या समाधानासाठी फिटरला विचारलं. चार नंबरची तक्रारच नाही, तर उघडू कशाला, असं तो म्हणाला. प्रत्येक यंत्राची जुनी फाइलही आम्ही संगणकात भरली आहे. चार नंबरच्या नावावर सगळ्या वर्षांत एकच अपघात आहे, बाबांचा, आणि त्यापुढे 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलंय. यंत्रात दोष एकही नाही. म्हणून सॉफ्टवेअर त्याला सगळ्यात भरवशाचा प्रेस धरतं आणि घाईचं सगळं काम त्याच्यावर टाकतं. गेल्या महिन्यात तो एक पाळीही बंद नव्हता. पडद्यावर त्याची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार दिसते. साहेबांनी ती पाहुण्यांना दाखवली.

दादाची तब्येत उत्तम आहे आणि पाठही दुखत नाही. परवा जेवताना आम्हाला हसवत होता. म्हणे, चार नंबरला उचकी लागते. पेडलवर एकदा पाय दिला की एक ठोका पडतो आणि मधूनच कधीतरी, पाय काढलेला असताना, तो आपला आपणच अर्धा खाली येऊन थांबतो. दादा म्हणतो, त्याची कोणीतरी आठवण काढत असेल. आम्ही सगळे हसलो, फक्त बाबा ताटावरून उठले.

रागावू नका. पण माझ्या कामात आता लुडबुड नको.

लगबग


२१ फेब्रुवारी

पोरी,

हे पत्र हातात पडेल तिथूनच उठ आणि दादाला चार नंबरवरून खाली उतरव. बाकीचं मग वाच.

उतरवलंस? आता ऐक.

ती उचकी नाही. ब्रेक धरत नाही म्हणून प्रेस वर थांबत नाही, घसरून खाली येतो. आज अर्धा येतो, उद्या पूर्ण येईल. दादाचे हात त्या वेळी पत्रा ठेवायला आत असतील. मला हे कसं माहीत, तेही सांगतो. बावीस वर्षं सांगितलं नाही, ते आज घाईने लिहितोय. अक्षर लागलं नाही तरी नेटाने वाच.

तुझ्या बाबांचं लक्ष नव्हतं हे खोटं आहे. अपघाताच्या आदल्या दिवशी, बुधवारी, त्यांनी लेखी तक्रार दिली होती, की चार नंबर आपोआप दुसरा ठोका मारतो, उद्या बंद ठेवून ब्रेक बघावा. ती चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी घेतली म्हणून सही केली. गुरुवारी सकाळी एक तातडीची ऑर्डर आली. साहेब ओरडले आणि मी चार नंबरच्या खिळ्यावर कार्ड अडकवलं. भाऊजी माझ्या टेबलापाशी आले. मी म्हणालो, आजच्या दिवस चालवून घ्या, उद्या नक्की उघडू. माझ्या शब्दाखातर ते गेले. साडेदहा वाजता त्यांची बोटं गेली.

मग चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, तक्रार होती का? मी नाही म्हणालो. अहवाल मीच लिहिला. 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे शब्द माझे आहेत. तुझ्या संगणकात आज जे लिहिलंय ते मीच लिहिलंय, पोरी. चिठ्ठी फाडायची हिंमत झाली नाही. ती अजून माझ्या ट्रंकेत आहे.

त्या प्रेसचा सांगाडाच जुना. कितीही दुरुस्त करा, दोन-तीन आठवड्यांत ब्रेक सैल व्हायचा. तपासणीसाठी यंत्र बंद ठेवा म्हटलं की साहेब ऐकायचे नाहीत. पण ऑर्डर लागलेली असली की तिला कोणी हात लावायचं नाही. म्हणून मी खोटी ऑर्डर काढली. दर गुरुवारी सकाळी टोपणांच्या नावाखाली फिटर चार नंबर उघडायचा, ब्रेक आवळायचा आणि बंद करायचा. आम्हा दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. तुला सांगायला हवं होतं. पण कार्ड का, हे सांगितलं असतं तर तू पुढचंही विचारलं असतंस.

तुझी चूक नाही. माझं लबाडीचं कार्ड तू प्रामाणिकपणे काढलंस.

मी स्वतः यायला हवं, हे कळतं. एका दिवसाचा प्रवास आहे आणि गुडघ्यांचं निमित्त आहे. भाऊजींसमोर उभं राहायची छाती नाही.

मामा


२४ फेब्रुवारी

लगबगे,

पत्र मिळालं का? जलद टपालाने टाकलं होतं.

गुरुवारी किराणा दुकानदाराला घेऊन फोनपाशी गेलो. तो बोलणार, ऐकणार आणि मला लिहून दाखवणार, असं ठरलं. कंपनीच्या बाईंनी तू मीटिंगमध्ये आहेस म्हणून सांगितलं. काय निरोप देऊ, असं विचारलं. दुकानदाराने ते कागदावर लिहून माझ्यापुढे धरलं. मला लिहायचं होतं, चार नंबर बंद करा. मग त्या विचारतील, तुम्ही कोण, तुम्हाला कसं माहीत. शेवटी मी लिहिलं, 'मामांनी फोन करायला सांगितलंय.' एवढंच. घरी आलो आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. आज पुन्हा गेलो, तर लाइनच लागली नाही.

मला ऐकू येत नाही, पण आज सकाळपासून प्रेसचा ठोका ऐकू येतोय. एक येतो आणि मी दुसऱ्याची वाट बघत राहतो.

दोन ओळी टाक. दादाचे हात शाबूत आहेत, एवढंच लिही.

मामा


२७ फेब्रुवारी

आजही पत्र नाही. पोस्टमन माझ्या दारावरून पुढे गेला. मी बोलावलं तर त्याने पिशवी उघडून दाखवली.

भाऊजी दवाखान्यात होते तेव्हाही त्यांच्या हाताचं काय झालं, हे तुझ्या आईने मला आठ दिवस कळवलं नव्हतं.

मामा


१ मार्च

मामा,

दादाचे हात शाबूत आहेत. दोन्ही. आधी हे लिहिते.

तुमचं पत्र मला शनिवारीच मिळालं होतं. फोनचा निरोपही मिळाला होता. मला वाटलं, पुन्हा कार्डाचंच पुराण असणार. पाकीट न उघडता पर्समध्ये टाकलं. शनिवार, रविवार, सोमवार ते पर्समध्ये होतं आणि मी रागात होते.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत रुमाल काढताना पाकीट बाहेर आलं. पहिलं वाक्य वाचलं आणि डबा तसाच टाकून शॉपमध्ये धावले. शॉपमधली सुट्टी संपून पाच मिनिटं झाली होती. दादा चार नंबरवर होता, हात आत होते. मी हाका मारल्या, पण त्या गोंगाटात कोणाला ऐकू जाणार. जवळ जाऊन दंड धरायची भीती वाटली, दचकून पाय पेडलवर पडला तर? सुपरवायझरला सांगितलं, प्रेस थांबवा. तो म्हणाला, तक्रार नोंदवा, फिटर उद्या येईल. पट्टी हिरवी आहे, पाच वाजेपर्यंत माल जायचाय, मी माझ्या मनाने थांबवू शकत नाही.

मग मी तेच केलं जे तुम्ही केलं असतं. वर पळाले आणि संगणकावर खोटी ऑर्डर बनवली. टोपण, दोनशे नग, चार नंबर. गिऱ्हाईक म्हणून बाबांचं नाव घातलं. माल म्हणून अशा जाडीचा पत्रा लिहिला, जो आपल्या गोदामात कधी आलाच नाही. आणि तातडीचा शिक्का मारला. शिक्का तिसऱ्या खेपेला बसला. पडद्यावरची हिरवी पट्टी लाल झाली. 'मालाची प्रतीक्षा, यंत्र राखीव.' खाली सुपरवायझरने पडदा बघितला आणि लगेच दादाला हात बाहेर काढायला सांगितलं. माझं ऐकलं नव्हतं, पडद्याचं ऐकलं.

दादा चरफडत बाजूला झाला. डायचा साचा उतरवायचा म्हणून त्याने हातमोजे काढले. एक मोजा डायवरच राहिला. मोटर बंद केलेली होती, पण मोठं चाक अजून फिरत होतं. मी जिन्यावरून खाली येत होते आणि कोणीही पेडलजवळ नसताना चार नंबर खाली आला. अर्धा नाही, पूर्ण. मोज्याची बोटं कागदासारखी पातळ झाली. दादाने तो मोजा उचलला, बघितला आणि तिथेच जमिनीवर बसला. मी पण बसले.

फिटरला घरून बोलावलं. ब्रेकची पट्टी झिजून खिळ्यांवर आली होती आणि एक स्प्रिंग तुटलेली होती. त्याने बदलून दिलं.

मामा, मी तुमच्यावर खूप रागावले आहे. ऑर्डरीमुळे नाही. बावीस वर्षं आम्ही बाबांना वेंधळे म्हणत आलो त्यामुळे. पहिल्या पत्रात मीही तेच लिहिलं होतं. दादा लहानपणी काही सांडलं की म्हणायचा, बाबांवर गेलो. बाबा हसायचे.

आज गुरुवार आहे आणि माझ्या खोट्या ऑर्डरीपायी चार नंबर बंद आहे. पण साहेबांना ती कळली आहे. काल बोलावून घेतलं. मी सगळं सांगितलं, दर गुरुवारी प्रेस उघडायलाच हवा हेही सांगितलं. ते चिडले नाहीत, तेच वाईट. शांतपणे पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "ब्रेक बदलला, विषय संपला. या यंत्राच्या फाइलमध्ये दोष दाखवा, मी दर गुरुवार देतो. इथे फक्त एका माणसाचा निष्काळजीपणा दिसतोय." तुमचं पत्र दाखवलं, तर म्हणाले, हे घरगुती पत्र आहे. येत्या दहा तारखेला वरचे लोक येणार आहेत. त्यांच्यापुढे काही ठेवलं नाही तर सोमवार, बारा तारखेपासून पट्टी पुन्हा पूर्ण हिरवी. दादा जाणार नाही त्याच्यावर, पण कोणीतरी जाईलच.

बाबांना तुमचं पत्र दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली, मला परत दिलं आणि म्हणाले, "चहा टाक." मग कपाटातला जुना डबा काढून बसले. म्हणाले, उत्तर मी लिहितो. डाव्या हाताने लिहितात, त्यांना वेळ लागेल.

लगबग


२ मार्च

अरे,

अक्षराला हसू नकोस. हा हात अजून शिकतोच आहे.

पोरीने पत्र दाखवलं. तू ट्रंकेत चिठ्ठी ठेवलीस म्हणतोस. ती चिठ्ठी मी लिहिली तेव्हा खाली कार्बन होता. दुसरी प्रत माझ्याकडे आहे. तुझ्या सहीसकट. बावीस वर्षं या डब्यात आहे.

चौकशीच्या दिवशी ती माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. तू 'नाही' म्हणालास तेव्हा मी डावा हात खिशापर्यंत नेला होता. समोर तुझी बहीण उभी होती. मला दवाखान्यातून धरून तिनेच आणलं होतं. ती तुझ्याकडे बघत होती. तुला नोकरीवरून काढलं असतं आणि तिला भाऊ एकच होता. हात परत खाली घेतला.

मग दर गुरुवारी चार नंबर बंद दिसू लागला. मी तेव्हा गेटवर कामाला होतो, ठोका पडला नाही की तिथेही कळायचं. टोपणं कोणी कधी गाडीत भरताना पाहिली नाहीत. मला समजलं, तू काय करतोयस. वाटलं, एक दिवस येऊन बोलेल. सणाला नाही, लग्नाला नाही, ती गेली तेव्हाही दारातूनच गेलास. मी वाट बघत राहिलो आणि मुलांना काही सांगितलं नाही. दादा प्रेसवर गेला तेव्हाही गप्प बसलो. त्याने उचकीचं सांगितलं त्या दिवशी मला कळलं होतं, अरे. मी ताटावरून उठलो. एवढी वर्षं न बोलायची सवय झाली की तोंड उघडत नाही. तो मोजा माझ्या समोर ठेवलाय. त्यात माझाही वाटा आहे.

तुला माफ केलं का, ते मला माहीत नाही. खोटं कशाला लिहू.

दहा तारखेला मी जाणार आहे. पण कार्बनची प्रत नुसती दाखवून चालणार नाही, कोणीही म्हणेल मागून बनवली. मूळ प्रत तुझ्याकडे आहे आणि 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे शब्द खोडायचा हक्कही ज्याने लिहिले त्याचाच. साहेब विचारतील, तक्रार होती का. तुला ऐकू जाणार नाही, म्हणून मी तुझ्या शेजारी उभा राहीन आणि तो प्रश्न कागदावर लिहून तुझ्यापुढे धरीन. या वेळी हो म्हण.

नऊच्या संध्याकाळी मी स्टँडवर येतो. गुडघे दुखत असतील तर माझा खांदा धर. पिशवी मी डाव्या हातात घेईन.

भाऊजी